आजीचे दप्तर

आमच्या आजीला मोडी वाचता-लिहिता येत असे, ही गोष्ट आम्हां नातवंडांना तिच्या हातच्या सांदणांइतकीच स्वाभाविक वाटे. परंतु ती लिपी तिने हौसेने नव्हे, तर वयाच्या सव्विसाव्या वर्षी, वैधव्य आल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, दुसऱ्याने वाचून दाखविलेल्या कागदावर विसंबून राहण्याचा धीर तिला होईना म्हणून शिकून घेतली होती, हे मला ती गेल्यावर आणि तिचे दप्तर माझ्या स्वाधीन झाल्यावरच समजले. दप्तर म्हणजे पत्र्याच्या एका ट्रंकेत ठेवलेले, तांबड्या खारव्यात बांधलेले तीन रुमाल: एकात गहाणखते व पावत्या, दुसऱ्यात खंडाच्या वह्या, आणि तिसऱ्यात पत्रे. देवघराइतकीच ती ट्रंक घरात मान्य होती आणि तिला कुलूप कधीही नव्हते.

ती माझ्या वडिलांची आई. गावात तिला सारे वहिनी म्हणत, आणि एकत्र कुटुंबातील त्या काळच्या रीतीप्रमाणे तिची स्वतःची मुलेही तिला वहिनीच म्हणत. 'आजी' ही हाक तेवढी आमची होती. तिचा जन्म १९०८ सालचा. १९१८ च्या शरदात मानमोडीची साथ मुंबई इलाख्याच्या गावोगाव फिरली, तीत तिची आई चार दिवसांच्या तापाने गेली आणि पाठच्या दोन भावंडांना न्हाऊमाखू घालण्याचे काम दहा वर्षांच्या मुलीकडे आले. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती दापोली तालुक्यातील आमच्या घरी आली. या पूर्वार्धाविषयी ती क्वचितच बोलत असे, आणि जे तिने सांगितले नाही ते कल्पनेने भरून काढण्याचा अधिकार मला आहे असे मी मानीत नाही.

आमचे घराणे खोतांपैकी. परंतु एका तक्षिमेचेही पुन्हा वाटे होत होत आमच्या वाट्यास आलेली मिळकत अशी की नावाला खोत म्हणावे आणि आश्विनात तांदळाची कणगी तळाला लागलेली पाहावी. घराखालची दोन भातखाचरे, नारळी-पोफळीचे एक आगर, डोंगराच्या उतारावरील वरकस, आणि दोन कुळांकडे असलेली थोडी जमीन, एवढ्यावर घर चाले. १९३४ च्या चैत्रात आजोबा विषमज्वराने निवर्तले, तेव्हा माझे वडील आठ वर्षांचे, काका पाच वर्षांचे आणि आत्या अंगावर पिणारी होती.

मुरूड आमच्या गावापासून फार दूर नाही. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी विवाह केला म्हणून ज्या मुरूडने त्यांना वाळीत टाकले होते, त्याच मुरूडमध्ये १९३४ साली त्यांचे नाव आदराने घेतले जात होते, आणि त्यांनी १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रम हिंगण्याला नांदता होऊन कितीतरी विधवा तेथून शिकून बाहेर पडल्या होत्या. माहेरच्या एका थोर मनाच्या मामांनी आजीस सुचविले की, दोन्ही मुलगे आजोळी ठेवावेत, तान्हीस घेऊन हिंगण्यास जावे, चार इयत्ता शिकून स्वतःच्या पायावर उभे राहावे. आजीने या सूचनेचा आठ दिवस विचार केला. ती गेली नाही, कारण ती गेली असती तर आगर आणि खाचरे मागे कोणाची झाली असती हे तिला स्पष्ट दिसत होते. पुष्कळ वर्षांनी, मी महाविद्यालयात नाव घातले त्या सुट्टीत, निवडलेल्या तांदळाच्या सुपातून दृष्टी न काढता ती मला म्हणाली, "मला जायला हवं होतं गो तेव्हा हिंगण्याला. पण हे सगळं राहिलं नसतं." या दोन वाक्यांपैकी कोणतेही एक तिने मागे घेतले नाही, आणि मीही त्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न कधी केला नाही.

आजोबांच्या पश्चात सावकाराचा तगादा लागला. आगर गहाण होते. दस्तऐवज मोडीत होता. आजीला बालबोध अक्षरांची जुजबी ओळख, मोडीचे एक अक्षर ठाऊक नाही. नात्यातील एका गृहस्थांनी कागद वाचून दाखविला आणि मुद्दल व व्याज मिळून जी रक्कम सांगितली, ती ऐकून सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. आजीने मात्र एवढेच पाहिले की, वाचताना त्या गृहस्थांनी कागद एकदाही उलटा केला नाही, आणि उजेडासमोर धरलेल्या त्या पातळ कागदाच्या पाठीवरची शाई तिला पलीकडून दिसत होती.

गावात एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांना सासऱ्यांकरवी विनंती गेली आणि आषाढापासून शिकवणी सुरू झाली, ती अशी: मास्तर ओटीवर बसत, आजी माजघरात दाराच्या आड बसे, आणि मधल्या उंबरठ्यावर माझे आठ वर्षांचे वडील पाटी घेऊन उभे असत. मास्तर पाटीवर आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता ओळ लिहीत. वडील ती आत नेत. आजी ती गिरवून, तिच्याखाली आपली ओळ लिहून परत धाडी. मास्तर चूक तेथे खूण करीत. बाहेर पागोळ्यांचा आवाज एवढा की बोललेले ऐकू येऊ नये, म्हणून सारे पाटीवरच चाले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द शब्दापासून तोडलेला नाही, आणि जुन्या कारकुनांनी आपल्या सोयीसाठी केलेली आखुडरूपे तर ज्याची त्यालाच ठाऊक. असे असूनही नवरात्र बसण्यापूर्वी आजीला कागद लागू लागला, आणि पाटी नेता-आणता वडिलांनाही. वडील पुढे म्हणत असत की आपण आणि वहिनी एकाच वर्गात शिकलो. हे सांगताना त्यांचा स्वर नेहमी भरून येई.

गहाणखताच्या पाठीवर व्याजाच्या भरण्याच्या नोंदी होत्या. आजोबांनी दोन वर्षांचे व्याज चुकते केले होते आणि ते सांगितलेल्या रकमेतून वजा झालेले नव्हते. आजीने याचा बभ्रा केला नाही, त्या गृहस्थांना घरी येणे बंद करा असेही म्हटले नाही. सासऱ्यांना सोबत घेऊन ती तालुक्याच्या गावी गेली, सावकाराच्या पेढीबाहेर उभी राहून तिने पाठीवरचा मजकूर तारीखवार स्वतः वाचून दाखविला आणि शिल्लक किती ते मांडून नवा हिशेब लिहून घेतला. पहिल्या रुमालातील सर्वांत वरचा कागद तो आहे.

ती शिल्लक फेडण्यास पाटल्या व गोठ गेले, ते पुरेसे झाले नाही, आणि उरलेले कर्ज आमसुलांनी फेडले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चैत्र-वैशाखात रातांबे उतरले की खळ्यात जे काम चाले ते मी तिच्या उतारवयातही पाहिले आहे. फळ फोडून बिया व गर निराळा करावयाचा. साली उन्हात घालावयाच्या. गराला मीठ लावून सुटलेल्या रसात त्याच साली संध्याकाळी बुडवावयाच्या आणि सकाळी पुन्हा वाळत टाकावयाच्या. असे रसाचे पूट जितके अधिक तितके आमसूल काळसर, मऊ आणि टिकाऊ. पुष्कळजण दोन-तीन पुटांवर थांबून वजन करीत; आजी थांबत नसे. वळवाचे ढग डोंगरावर दिसले की घरातील सर्वांनी हातातले टाकून खळ्यात धावावे असा तिचा दंडक होता. तिचे हात त्या दिवसांत मनगटापर्यंत तांबडे असत आणि रसातल्या मिठाने नखांच्या कडा फाटलेल्या असत. रात्री त्यांवर त्याच फळाच्या बियांचे तेल पातळ करून लावलेले असे. हर्णैचा व्यापारी आमचे आमसूल न चाखता घेत असे.

मुलगे इंग्रजी शाळेसाठी दापोलीस राहिले, वार लावून जेवले, आणि १९४३ च्या दिवाळीनंतर माझे वडील नोकरीसाठी मुंबईस निघाले. हर्णैला आगबोट धक्क्यास लागत नसे; प्रवाशांनी पडावात बसून लाटांवरून बोटीपर्यंत जावयाचे आणि तेथून वर चढावयाचे. पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणून जे काही पाठवावयाचे ते वैशाखापूर्वी किंवा नारळी पौर्णिमा उलटून समुद्र निवळल्यावर. गिरगावातील चाळीच्या एका खोलीत आमच्या भागातील पुष्कळजण राहत. त्यांच्यासाठी आजी जे कुळीथपीठ, पोह्याचे पापड, फणसपोळी पाठवी, त्यावर नाव एकट्या वडिलांचे असे आणि वाटेकरी सर्व असत, हे तिला माहीत होते व त्या मापानेच ती बांधून देई.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहावयास बसले तिच्याकडे येते. वडील गेल्यावर वारस नोंदीच्या निमित्ताने आम्ही जुन्या फेरफारांच्या नकला काढल्या. आजोबांच्या मृत्यूनंतरच्या नोंदीत अपेक्षेप्रमाणे दोन अज्ञान मुलग्यांची नावे होती आणि त्यांच्यापुढे 'अ. पा. क. आई' असे लिहून आजीचे नाव होते. अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचे नाव लावण्याची ती सरकारी रीत. त्या काळच्या कायद्याने विधवेस अन्नवस्त्राचा हक्क असे, मालकीचा नसे. या नोंदीने मला आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते १९४४ च्या नोंदीचे. थोरला मुलगा सज्ञान झाला, सबब पालनकर्त्याचा शेरा कमी करण्यात यावा, असा अर्ज आल्याचे तीत नमूद होते, आणि अर्जदार स्वतः आजी होती. वडिलांना अठरा पुरे होऊन महिनाही झालेला नव्हता. १९४७ मध्ये धाकट्याच्या बाबतीत तशीच दुसरी नोंद. आणि तिच्यानंतर आमच्या जमिनीच्या कोणत्याही उताऱ्यावर तिचे नाव नाही.

असा अर्ज करण्याची तिला कोणी सक्ती केली नव्हती. मुलगा पन्नाशीला आला तरी कागदावर आईच्या पालनाखाली असलेली उदाहरणे आमच्या तालुक्यात आजही सापडतात, कारण कोणी तिकडे फिरकतच नाही. आजीचे सासरे तेव्हा हयात होते आणि त्यांनी तिला परोपरीने समजाविले की, पोर मुंबईस आहे, कोवळे आहे, कोण केव्हा कशावर सही घेईल सांगता येत नाही, तुझे नाव राहू दे. वडिलांनी सांगितल्यावरून तिचे उत्तर मला माहीत आहे. "पोरं लहान होती म्हणून नाव होतं. आता राहिलं तर त्याला वाटेल वहिनीचा विश्वास नाही." शाळेचा दाखला घेऊन ती स्वतः तलाठ्याकडे चालत गेली. वडिलांना हे पत्राने कळले. ते म्हणत की, ते पत्र वाचून आपल्याला आनंद झाला नाही, भीती वाटली, आणि त्या भीतीनेच आपण जन्मभर सांभाळून सही केली.

तिच्या ठायी स्वामित्वाची भूक नव्हती असे म्हणून मी तिला देव्हाऱ्यात बसवू इच्छीत नाही. आगरातील एकेका पोफळीवर तिचा जीव होता आणि सुपारीचा हिशेब चुकला तर तिला झोप येत नसे. परंतु जे मुलांच्या वतीने हाती घेतले ते मुलांचे वय होताच परत करावयाचे, एक दिवस आधी नाही आणि एक दिवस नंतर नाही, ही तिची समजूत इतकी ठाम होती की तिला त्यात त्याग दिसतच नव्हता. मी स्वतः आई झाले आहे. मुलांच्या आयुष्यावरील आपला शेरा आपल्याच हाताने कमी करणे किती कठीण असते ते मी जाणते, आणि म्हणून त्या १९४४ च्या तीन ओळी वाचताना माझा हात थरथरला.

१९४९ च्या कायद्याने खोती गेली. पुढे कूळकायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत आकाराच्या पटीत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवावयाची, हप्ते पुरे झाले की कुळाला 'बत्तीस म' कलमाचा दाखला मिळावयाचा. मात्र जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई. आमच्या दोन्ही कुळांच्या जमिनी वडील आणि काका यांच्या नावे असल्याने ही सवलत आम्हांस लागू नव्हती. तथापि ३१ मार्च १९५८ पूर्वी सरस-निरस वाटणी करून विधवेचा हिस्सा निराळा काढला तर तेवढ्यापुरती ती मिळण्यासारखी होती, आणि एका जाणत्या वकिलांनी काकांना तसा सल्ला दिला. काकांच्या मनात तो भरला. कागद तयार करवून ते मुंबईहून आले.

आजीने मसुदा पुरता वाचला. मग तिने विचारले, की याने कुळाची जमीन आपल्याकडे परत येते काय? काका म्हणाले, परत येतेच असे नाही, पण आपण हयात आहात तोवर कुळाचे काम अडून राहते. तेव्हा आजी म्हणाली, "माझं रांडवपण पुढे करून कुणाच्या ताटातलं अडवायचं असेल, तर ते मला जमायचं नाही." शब्द कठोर होता, आणि तो तिच्या तोंडून घरात त्यापूर्वी किंवा त्यानंतर कोणी ऐकला नाही. काकांनी कागद गुंडाळून ठेवला. तिसऱ्या रुमालाच्या तळाशी तो आहे, सहीची जागा कोरीच.

त्या दोन कुळांपैकी एकाची बायको आजीच्या तिन्ही बाळंतपणांत उशाशी होती, आणि आजोबा गेले त्या वर्षी, घरात लावणीला माणूस नव्हता तेव्हा, आपल्या शेतात आवा काढण्यापूर्वी तिने आमची खाचरे लावून दिली होती. आणि येथे मला लिहिलेच पाहिजे की, हीच बाई एरवी कित्येक वर्षे आमच्या पडवीच्या आत आली नाही. आजीचे सोवळे कडक होते. जिचे ऋण ती आयुष्यभर मानीत होती तिला पाणी वरून ओतले जाई. मी तरुणपणी या गोष्टीवरून आजीशी भांडले आहे. आज ती माझ्यासमोर असती तर पुन्हा भांडले असते. काळ तसा होता हे मला पटत नाही, कारण कर्वे त्याच काळातले होते आणि साने गुरुजी तर आमच्याच तालुक्यातील पालगडचे. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले होते. आजी शेवटी बदलली, पण थोडी आणि उशिरा: दोघी म्हाताऱ्या झाल्यावर माजघराच्या उंबरठ्याशी समोरासमोर बसून एकाच किटलीतला चहा घेत. उंबरठ्याच्या एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दुसरी.

नातवंडांच्या वाट्याला आलेली आजी याहून पुष्कळ सैल होती. मे महिन्यात एस. टी.तून आम्ही उतरलो की प्रत्येकाचे मनगट ती दोन बोटांत धरून पाही आणि कोणाला दूध किती ते तेथेच ठरे. दुपारी इतर मुले आंब्याखाली गेली की मला ती मोडी शिकवी, जुन्या खंडाच्या वहीची ओळ वाचावयास देऊन. त्यामुळे माझे पहिले मोडी वाक्य कुठल्या कुळाने किती मण भात घातले याविषयीचे होते. नवे पैसे ज्या दिवशी चालू झाले तो दिवस आणि कृषक दिन एकच, १ एप्रिल १९५७. बाजारात ती नव्या पैशांत व्यवहार करी, परंतु वही अखेरपर्यंत रुपये, आणे, पै अशीच राहिली.

१९७१ मध्ये तिने मुलग्यांकडे आपण होऊन काही मागितले, आणि माझ्या माहितीत ती एकच वेळ. आत्याला जमिनीत वाटा द्यावा, असे ती म्हणाली. कायद्याने आत्याचा काही हक्क लागत नव्हता; १९५६ च्या वारसा कायद्याने मुलींना हक्क आला खरा, पण आजोबा १९३४ साली गेलेले, आणि तो कायदा मागे जात नव्हता. काका म्हणाले की, बहिणीला आपण साडीचोळी कधी चुकवीत नाही. आजी म्हणाली, "ती मी आहे तोवर. पुढे?" वडिलांनी लगेच होकार दिला, काकांना चार महिने लागले, आणि दिल्यावर मात्र त्यांनी वरकसाचा सर्वांत चांगला, विहिरीलगतचा तुकडा स्वतः मोजून दिला. बक्षीसपत्राची नोंदणी दापोलीस झाली. साक्षीदार दोन लागतात. एक शेजारचे गृहस्थ होते, दुसरी आजी झाली. तिने सही मोडीत केली. कारकुनाने ती बालबोधीत हवी असे सांगितले, तेव्हा तिने खाली बालबोधीतही केली, आणि पहिली खोडू दिली नाही.

आजी १९८६ च्या माघात गेली. आत्याने त्या तुकड्यात हापूसची कलमे लावली, ती आता उत्पन्न देतात. आत्याही गेली, उताऱ्यावर तिच्या जागी आता तिच्या दोन मुलींची नावे आहेत, आणि त्या प्रतिवर्षी वैशाखात येऊन आंबा उतरवून घेतात व त्याच खळ्यात रातांबे वाळवितात.